वन्सं, आज घाम छान पडलाय

वन्सं, तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आली. शाळा सुटल्यावर यायची तशीच, पाठीला दप्तरं लावून. पण आवाराच्या दगडी गडग्याच्या आत एकही येईना. चिऱ्यांवर हात ठेवून सगळी ओळीनं उभी राहिली. मी दारापुढच्या खळ्यात तेराव्याची मोठी भांडी पालथी घालत होते. म्हटलं, आज नाही रे, जा घरी. तरी कुणी हलेना. मग त्यातली सुस्मा, यंदाच पहिलीत बसलेली, टाचा उंच करून म्हणाली, "वहिनी, नवीन वन्सं कधी येणार?"

मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की हातातलं पातेलं मी आपटलंच. म्हटलं, नवीन वन्सं येत नसते गो बाई. माझ्या नवऱ्याला एकच बहीण होती. पोरांच्या तोंडाकडे बघून कळलं, की ह्यांना यातलं ओ की ठो समजलेलं नाही. त्यांचा तरी काय दोष? मी दिवसभर "वन्सं, चहा", "वन्सं, चष्मा कपाळावरच आहे" म्हणून ओरडायची, तेच त्यांनी उचललं. वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण, हे नेपाळातून आलेल्या पोरांना कुणी सांगायचं? शाळेत असतात त्या बाई, तशा आमच्या घरामागच्या, आंबे ठेवायच्या मांगरात असतात त्या वन्सं, असा त्यांचा हिशेब. गावाला मजाच झाली. पोस्टमन म्हणाला होता, तुमच्या वन्संना भावजया फार झाल्या. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "असू देत. आहे ती भावजय माझं ऐकत नाही, ह्या तरी ऐकतील." तो टोमणा मी विसरलेले नाही हं.

खरं सांगू का, तुम्ही रिटायर होऊन दोन ट्रंका घेऊन आमच्या दारात उतरलात तेव्हा मी तोंडभर हसले आणि पोटात धसका घेतला. बुरोंडीपासून संगमेश्वरापर्यंत सारा जिल्हा बदल्यांनी पालथा घातलेली, नाकावर माशी बसू न देणारी मास्तरीण नणंद, आणि ती आता कायमची माहेरी. आठवड्याभरात तुम्ही माझी भाषा सुधारायला घेतलीत. "माझी मदत करा" असं मी म्हटलं की तुम्ही हातातलं काम थांबवून म्हणायचात, "शालू, मला मदत करा." मी म्हणायची, मला मदत करा की माझी करा, पण नारळ तेवढे सोला. तुम्ही सोलायचात, पण बोलून घेतल्याशिवाय नाही.

ती पहिली फजिती मात्र तुमची. दिवाळी सरलेली, कलमांना मोहोर फुटायला लागला होता. वांदरांपासून आणि चोरांपासून बागा राखायला गुरखे आपापली बिऱ्हाडं घेऊन नेपाळातून उतरले होते, दरवर्षी उतरतात तसे. तुम्हाला गडग्यावर बसलेली एक मुलगी दिसली, शाळेच्या वेळेला, पाय हलवत. बिनिता. तेव्हा दुसरीच्या वयाची. तुम्ही विचारलंत, शाळेत का नाही गेलीस, घरी कोण आहे? ती म्हणाली, "आमा घाम ताप्दै छ."

झालं. तुम्ही एवढंच ऐकलंत की आईला घाम आहे आणि ताप आहे. तशा घरी आलात, गवती चहा, आलं, तुळस घालून काढा उकळवलात, थर्मामीटर घेतलात आणि मला म्हणालात, चादर घे, हिवताप दिसतोय. तुमच्यामागून चादर घेऊन धावताना मी कशाला पडले या भानगडीत असं मला वाटत होतं. बागेतल्या त्यांच्या खोपीपाशी पोचलो तर मनमाया, म्हणजे बिनिताची आई, केस मोकळे सोडून, उन्हाकडे पाठ करून, मजेत तांदूळ निवडत बसलेली. तुम्ही काही न विचारता थर्मामीटर तिच्या तोंडात घातलात. आमच्याकडची काही रीत असेल असं समजून त्या बिचारीनं तो अदबीनं धरून ठेवला. बिनिता आमच्याकडे बघत राहिली. मग तिनं वर सूर्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "घाम." आईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ताप्दै छ."

त्यांच्यात ऊन म्हणजे घाम. आणि ऊन खात बसणं म्हणजे घाम तापणं. मनमायानं काढाही पिऊन टाकला आणि तिला तो आवडला. मी वाटभर हसत होते. तुम्ही मात्र गडगा ओलांडताना मध्येच थांबलात. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. म्हणालात, "शालू, मी जसं हिचं ऐकलं, तशीच ही पोर शाळेत बाईंचं ऐकत असेल." तुमचा चेहरा असा उतरलेला मी आधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही मांगर झाडायला घेतलात.

बाहेरच्यांना वाटतं तुम्ही शिकवणी घेत होतात. तुमचं गणित निराळं होतं. ही पोरं येणार दिवाळीनंतर आणि आंबा उतरला की पावसाच्या आधी परत जाणार. जूनमध्ये शाळेची घंटा वाजते तेव्हा ती पार हिमालयाच्या पायथ्याशी. वर्ष कुठलंही असो, त्यांच्या नशिबी दुसरं सत्रच. भागाकार शिकवून झालेला असतो आणि ह्यांच्यापुढे थेट अपूर्णांक येतो. म्हणून तुम्ही ठरवलंत, दिवसा शाळेत दुसरं सत्र आणि संध्याकाळी आपल्या मांगरात पहिलं सत्र. तुळशीचं लग्न लागलं की तुमचा जून महिना सुरू. चैत्रात मांगरात आंब्याची आढी लागली की वर्ग पडवीत यायचा, आणि पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्यांच्या वासानं पोरांचं लक्ष उडायचं. तुम्ही ओरडायचात, मी फोडी घेऊन यायची.

त्यावरूनही आपलं वाजायचंच. माझं म्हणणं, आधी पोटोबा. शाळेतली खिचडी जिरून गेलेली असते, पोर रिकाम्या पोटी काय पाढे म्हणणार? तुमचं म्हणणं, खाल्लं की पेंगतात. शेवटी तुम्ही तोडगा काढलात, एक पाढा म्हणायचा आणि एक घावन घ्यायचं. सातचा पाढा त्या पोरांना इतका पक्का का आहे, ते इन्स्पेक्टर आले तरी त्यांना कळायचं नाही. सातच्या पाढ्याला मी गूळखोबरं द्यायची.

पण आपलं खरं भांडण एकच, आणि ते मिटवून न जाता तुम्ही निघून गेलात. बिनिता पाचवीत होती. निबंध दिलात, माझा आवडता ऋतू. पोरीनं लिहिलं, 'मला हिवाळ्यातला घाम फार आवडतो. आम्ही सकाळी घामात बसून अभ्यास करतो.' काय सुंदर लिहिलं होतं हो. तुम्ही लाल पेन काढलंत आणि 'घाम'वर आडवी रेघ मारलीत. वर लिहिलंत, ऊन. मी कढईतला झारा तसाच ठेवून आले. म्हटलं, वन्सं, दुसऱ्या कुणी मारली असती रेघ तर समजले असते. काढा घेऊन तुम्हीच धावला होतात ना? तुम्हाला कळतंय ना ती काय म्हणतेय? तुम्ही शांतपणे पेनाचं टोपण लावलंत. "मला कळतं, शालू. पेपर तपासणाऱ्याला कळणार नाही. तो हसेल. मी तिच्यावर कुणाला हसू देणार नाही."

मी म्हटलं, मग तिनं आपला शब्द काय कलमाच्या आळ्यात पुरायचा? तुम्ही म्हणालात, खोपीत बोलू दे, खेळताना बोलू दे, वर्गात नाही. मी म्हटलं, हा वर्ग कुठला, हा तर मांगर, इथं आंबे पिकतात. तुम्ही म्हणालात, आंबेसुद्धा जातवार लावतो आपण. मग मी रात्रीचं जेवण वाढलं ते न बोलता. त्यानंतर थंडी पडली की दर वर्षी तेच. कुणीतरी 'घाम' लिहायचं, तुमची रेघ पडायची, आणि मी स्वयंपाकघरातून भांडं आपटायची. तुम्ही मांगरातूनच विचारायचात, "पडलं का काही?" इतकी जुनी भांडणं घरात असली म्हणजे बरं असतं, वन्सं. आता भांडं आपटलं तर कुणी विचारत नाही.

आठवीनंतर तुम्ही बिनिताला पावसाळ्यात जाऊ दिलं नाहीत. मनमायाला म्हणालात, तू जा, मुलगी माझ्याकडे ठेव, हिला आता पहिलं सत्र शाळेतच हवं. मनमाया कशी तयार झाली कोण जाणे. मला ती भाउजू म्हणते, त्यांच्यात भावजयीला तसं म्हणतात. मला म्हणाली, भाउजू, थर्मामीटर लावून बघणारी बाई पोरीला उपाशी ठेवणार नाही. त्यामुळे यंदा बिनिता दहावीत, आणि गणपतीनंतर तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा ती घरातच होती. तुमच्या उशाशी बसून इतिहास मोठ्यानं वाचायची. तुम्हाला वाटायचं तिचा अभ्यास होतोय, तिला वाटायचं तुमची करमणूक होतेय.

आणि मग ती सकाळ. त्या सकाळबद्दल मला तुमच्याशी बोलायचंच आहे. दिवाळी होऊन गेली होती, पहाटे गारठा सुटला होता. तुम्ही दोन दिवस नीट बोलला नव्हतात. मी पेज भरवायला बसले तर तुम्ही चमचा बाजूला केलात आणि अगदी स्पष्ट म्हणालात, "मला बाहेर न्या. जरा घाम तापू दे."

ओटीवर हे पेपर वाचत होते. तुमचा बापू. सगळं आयुष्य बोटीवर गेलेलं, मांगरात काय बोलतात ते त्यांना कुठलं ठाऊक. त्यांनी ऐकलं घाम आणि ताप. पेपर टाकून धावले ते थेट थर्मामीटर घेऊनच आले आणि तुमच्या तोंडात घातला. बिनिता आणि मी एकमेकींकडे बघितलं. तुमच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत तुम्ही हसलात, थर्मामीटर तोंडात धरून, मनमायानं धरला होता तसाच. हसताना धाप लागली तरी थांबेनात. आम्ही तिघांनी तुम्हाला खुर्चीसकट उचलून खळ्यात नेलं. ऊन तुमच्या पायांवर आलं, मग मांडीवर, मग हातांवर. बिनिता तुमचे केस विंचरत होती. हे मात्र थर्मामीटर झटकत पुन्हा पुन्हा विचारत होते, अगं पण ताप नाहीये ना?

वन्सं, ती हार होती की थट्टा? का तुम्हाला काही भान नव्हतं आणि शब्द आपला तोंडात आला? मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या सुखानं डोळे मिटून बसला होतात, की म्हटलं विचारू दुपारी. दुपारी तुम्ही झोपलात. नंतरचं मी लिहीत नाही. ते ह्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्हालाही.

पोरं गडग्यावरून परत गेली त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं की यंदा वर्ग नाही. माझं शिक्षण जेमतेम, मी आपली घावनं घालणारी. वन्संची जागा काय मी घेणार? मला खरंच तसं वाटत होतं. मांगराच्या दाराला मी कडी घातली आणि त्या बाजूला जायचंच टाळलं. फळ्यावर तुमच्या हातची तारीख होती, मागच्या वैशाखातली. ती बघायची माझी हिंमत नव्हती.

पण दोन दिवसांनी मनमाया आली. बरोबर बिनिता, मान खाली घातलेली. मनमाया म्हणाली, "भाउजू, वन्सं गेल्या. आता बिनिता खोपीत येते. तिचा बाप बोलतो, शाळा झाली तेवढी पुरे, बागेत फवारणीला माणूस पाहिजे." तिला वाईट वाटत होतं, पण ती चुकीचं काही बोलत नव्हती. त्यांचा शब्द तुमच्याशी होता, माझ्याशी नव्हे. बिनितानं मान वर केली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. रडली असती तर मी समजूत काढून पाठवलं असतं. ती रडली नाही, वाट बघत राहिली. आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "शाळा बंद झाली असं कुणी सांगितलं तुला? उद्यापासून चालू आहे." मनमायानं विचारलं, शिकवणार कोण? म्हटलं, मी. आत तुमचा बापू जोरात खाकरला. मी आवाज चढवून म्हटलं, मराठी मी, आणि गणित न् इंग्रजी हे. मनमाया बिचारी गोंधळून हसली. संध्याकाळी बिनिताचा बाप स्वतः आला, खळ्याच्या टोकाला उभा राहून एकच प्रश्न विचारला, वहिनी, पक्कं? म्हटलं, पक्कं. तो म्हणाला, मग परीक्षेपर्यंत राहू दे. तुमच्यासारखा माझा दरारा नाही, पण तुमच्या भावजयीचा शब्द म्हणून चालून गेला.

ह्यांनी रात्रभर कुरकुर केली. मला शिकवायला जमत नाही, ताईसुद्धा मला वर्गात फिरकू द्यायची नाही, मी ओरडतो. म्हटलं, ओरडा. त्या पोरी बागेत वांदरं हाकलतात, तुम्हाला घाबरतील होय? सकाळी बघते तर हे दहावीचं भूमितीचं पुस्तक घेऊन ओटीवर बसलेले, आणि बिनिता त्यांना समजावून सांगतेय. असं का होईना, सुरू झालं. आता ते तिला प्रमेय घालतात, ती सोडवते, मग हे मला आत येऊन सांगतात की मी शिकवलं. ओरडत नाहीत फारसे. तुम्ही उगाच त्यांना दूर ठेवलंत, वन्सं. ही एक तक्रार मी तुमच्या नावावर बाकी ठेवते.

मांगराची कडी मीच काढली. फळ्यावरची तारीख पुसली नाही, तिच्या शेजारी आजची लिहिली. पोरं आपापल्या जागी बसली आणि कुणी न सांगता सातचा पाढा सुरू झाला. मी गूळखोबरं आणायच्या निमित्तानं आत गेले आणि थोडं रडून घेतलं. तुमची आठवण येते हो. सकाळी चहाचे कप मांडताना अजून एक जास्तीचा निघतो. पण तुम्ही मला काय दिलंत तेही त्याच वेळी कळतं. ह्या वयात चार वाजले की मला घाई सुटते, कुणीतरी माझी वाट बघत असतं.

आज रविवार, सकाळचा वर्ग. कालच मी निबंध दिला होता, हिवाळ्यातली सकाळ. तुमचंच लाल पेन घेऊन तपासायला बसले. चौथीतल्या एकीनं लिहिलंय, 'घाम आला की आमा मला बाहेर बोलावते आणि मला बरे वाटते.' मी पेन धरून बसून राहिले. इतकी वर्षं ह्याच रेघेवरून मी भांडी आपटली. आता पेन माझ्या हातात, कुणी अडवणारं नाही. आणि मला दिसायला लागला तो कुठला तरी परका पेपर तपासणारा, चष्मा सारून शेजारच्याला ते वाक्य वाचून दाखवणारा. मी रेघ मारली, वन्सं. अगदी तुमच्यासारखी आडवी. वर लिहिलं, ऊन. घ्या, जिंकलात.

मग वही तिच्या हातात दिली आणि सांगितलं, पेपरात ऊन लिहायचं, कायम. मांगरात गारठा होता, पोरं हात काखेत घालून बसली होती. चिऱ्याच्या भिंती सकाळी किती थंड असतात ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, "उचला दप्तरं. चला, बाहेर बसून घाम तापूया."

ओटीवरून बिनितानं झटकन वर बघितलं आणि हसली. हे थर्मामीटरच्या कपाटाकडे बघायला लागले, मग त्यांच्याही लक्षात आलं. खळ्यात सगळी उन्हाकडे पाठ करून बसली, मोठ्यांच्या पुढे लहान, मांडीवर वह्या. मलाही बसावंसं वाटलं. तुमची खुर्ची होती तिथेच मी फतकल मारली, डोळे मिटले. पाठ तापायला लागली. मला वाटलं, त्या सकाळी तुम्हाला असंच वाटलं असेल, आणि मग माझ्या प्रश्नाचं उत्तर काय होतं ह्याला फारसा अर्थ उरला नाही.

तेवढ्यात कुणीतरी माझा पदर ओढला. माझ्या पुढ्यात बसलेली सुस्मा बोलत होती. "वन्सं, जरा सरका ना. माझ्या घामात तुमची सावली पडते."

मला भाऊ नाही, त्यामुळे जन्मात मला कुणी वन्सं म्हटलेलं नाही. मी आधी मागं वळून बघितलं, तुम्ही आलात की काय म्हणून. मग सरकले.